एका रात्रीत सगळी बराक

तुरुंगातल्या २० जणांच्या बराकीत ४५ जण झोपले की खरूज का आटोक्यात येत नाही, ते साध्या भागाकारात दिसते. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा धरली आहे. तीच जागा ४५ जणांत वाटली की माणशी १.६५ उरते. सतरंज्या एकमेकींवर चढतात, रात्रभर दंडाला दंड लागून राहतो. खरजेच्या किड्याला दुसऱ्या अंगावर जायला पंधरा-वीस मिनिटांचा सलग स्पर्श पुरतो.

सांगलीचे कारागृह भर शहरात, गणेशदुर्गात आहे. वसंतदादा पाटील आणि साथीदार २४ जुलै १९४३ रोजी निसटले ते इथूनच. अशा ठिकाणी भिंती सरकवता येत नाहीत. हातात राहते ते वेळापत्रक.

खाजवणाऱ्यालाच मलम देणे ही नेहमीची चूक. पहिल्या लागणीत ४ ते ६ आठवडे खाज येतच नाही, तोवर लागण झालेला शेजाऱ्यांना किडे देत राहतो. म्हणून एकाच रात्री सगळ्यांना औषध हवे. ५ टक्के पर्मेथ्रिन, म्हणजे किडे मारणारे मलम, मानेपासून तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही लावून ८ ते १४ तास ठेवायचे. संध्याकाळी बराक बंद होते ते सकाळी उघडते, एवढाच हा काळ! माणशी ३० ग्रॅम, म्हणजे ४५ जणांना १,३५० ग्रॅम. ट्यूब कमी आणल्या की मलम पातळ फासले जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. शनिवारची रात्र बरी, कारण रविवारी कुणी कोर्टाच्या तारखेला जात नाही. चार नळांवर माणशी ६ मिनिटे धरली तरी सकाळी मलम धुवायच्या आंघोळीला सव्वा तास लागतो. टाकी आदल्या दिवशीच भरावी.

कपडे-चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवाव्यात. धुता न येणारी कांबळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावीत, कारण अंगाबाहेर किडा साधारण २-३ दिवसच जगतो. थंड दमट हवेत जरा जास्त. खरी अडचण इथेच येते: गर्दीत कांबळ्यांचा दुसरा संच नसतो, मग रात्री तीच पिशवी सुटते. पावसाळ्यात धुतलेले कपडेही वाळत नाहीत.

आठवड्याने दुसरी फेरी. खाज पुढे २ ते ४ आठवडे टिकू शकते. तेवढ्यावरून औषध फसले असे समजून रोज मलम चोळू नये, त्वचा भाजते. नव्या दाखल बंद्याला बराकीत सोडण्याआधीच पहिली मात्रा द्यावी.