दोन भाषा बोलणारा मेंदू

बेळगावात गणपत गल्लीच्या बाजारात भाजीवाल्या मावशी शेजारणीशी मराठीत बोलत असतात आणि गिऱ्हाईक समोर आलं की त्याच दमात कन्नडमध्ये भाव सांगतात. निपाणी, खानापूर, कुठंही जा, हेच दिसेल. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. मेंदूच्या अभ्यासकांना मात्र त्याचं फार कुतूहल आहे.

मराठी बोलताना कन्नड आत कुठंतरी झोपलेली असते, असं वाटतं. तसं नसतं. १९९९ साली मायकल स्पिव्ही आणि व्हिओरिका मारियन यांनी रशियन व इंग्रजी जाणणाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोर वस्तू मांडून त्यांना रशियनमध्ये पोस्टाचं तिकीट हलवायला सांगितलं. तिकिटाला रशियनमध्ये ‘मार्का’ म्हणतात. ते ऐकताच पुष्कळदा नजर आधी मार्कर पेनाकडे वळायची. इंग्रजीचा शब्दही कुणी उच्चारला नव्हता, तरी ती जागी होती.

म्हणजे मावशींच्या डोक्यात दोन्ही भाषा एकदमच पुढं येतात आणि मेंदूला त्यातली एक थोपवावी लागते. हे काम मुख्यतः कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि मेंदूत खोलवर असलेला कॉडेट हा भाग मिळून करतात. राग आल्यावर जीभ आवरतो, मिठाईच्या ताटाकडे गेलेला हात मागं घेतो, तेव्हाही बऱ्याच अंशी हीच जाळी कामाला लागते. माणसाचं वागणं म्हणजे त्यानं जे केलं तेवढंच, असं आपण धरून चालतो. न केलेल्या गोष्टींमागंही मेंदू राबलेला असतो, आणि मला तर तीच बाजू जास्त मोलाची वाटते.

या रोजच्या सरावाचा फायदा होतो का? डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सुमारे ४.५ वर्षं उशिरा सुरू झाली होती. शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक होता. इतर ठिकाणच्या सगळ्याच अभ्यासांत तो सापडलेला नाही, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही.

याची दुसरी बाजू अर्धांगवायूनंतर दिसते. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ पासून ते दाखवायला सुरुवात केली. तिथं रक्तपुरवठा तुटला की बोलणं अडतं. दोन भाषा येणाऱ्याच्या कधी दोन्ही सारख्याच परततात, कधी एकच आधी येते, तर कधी थोपवणारी जाळीच दुखावल्यामुळे दोन्ही सरमिसळ बाहेर पडतात. आपल्या सीमाभागात भाषेला आधीच फार वजन आहे. जन्मभर घरात मराठी बोललेले आजोबा झटक्यानंतर कन्नडच बोलू लागले, तर ते घरच्यांना लागतं. कृपा करून त्यांच्यावर चिडू नका. ते मुद्दाम करत नाहीत.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणं जड झालं, तर वाट न बघता मोठं रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या ४.५ तासांतच देता येतं. पुढं वाचा-उपचार सुरू होतील तेव्हा रुग्ण घरात कुठली भाषा बोलायचा, बाजारात आणि कामावर कुठली, हे तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा.