झेल्यातला चेंडू : गावशाळेतल्या बिनधक्का लॅक्रॉसमागची गोष्ट

ऑक्टोबर 2023 मध्ये ऑलिम्पिकच्या कारभाऱ्यांचं अधिवेशन मुंबईत भरलं आणि 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी पाच खेळ मंजूर झाले. आपल्याकडे त्यातलं क्रिकेट तेवढं ऐकू आलं. त्याच यादीत लॅक्रॉसही होता, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलायचा आणि फेकायचा खेळ, तो मात्र ‘सिक्सेस’ या रूपात: गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडू, 70 बाय 36 मीटरचं मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार भाग, आणि चेंडू ताब्यात आला की 30 सेकंदांत गोलाकडे मारायचा. आता विदर्भातल्या गावशाळेत हा खेळ आणायचा म्हटलं की पालकांना सांगायला ‘ऑलिम्पिकचा खेळ आहे’ हे वाक्य आयतंच सापडतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

पाचवी-सहावीच्या पोरांच्या हाती द्यायचा खेळ सिक्सेस नव्हेच. सिक्सेस 2021 मध्ये आला. जुन्या मैदानी प्रकारात दहा-दहा खेळाडू आणि शंभर मीटरचं मैदान लागतं, लहान देशांना एवढा संघ जमवणं अवघड जातं, म्हणून तो आटोपशीर केला. मुलांचा छोटा, धक्का नसलेला प्रकार त्याच्या कितीतरी आधीचा. 1980 च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ‘इंटरक्रॉस’ रुजला: हलकी काठी, प्लास्टिकचं जाळीदार डोकं, मऊ पोकळ चेंडू, मुलं-मुली एकत्र, आणि अंगाला अंग लावायचं नाही. ब्रिटनमधल्या शाळांत याच धर्तीचा ‘पॉप लॅक्रॉस’ चालतो. त्याही मागे गेलं तर मुलींचा लॅक्रॉस भेटतो. स्कॉटलंडमधल्या एका शाळेत 1890 मध्ये तो सुरू झाला आणि त्यात धडकाधडकीला आधीपासूनच आवर होता.

अंगाला अंग न लावायच्या या प्रकाराला ‘विनासंपर्क’ म्हणतात, आता त्या शब्दाकडे येऊ. कागदावर छान दिसतो. गावात उच्चारला की मोबाइलला रेंज नसल्यासारखं वाटतं. शब्द सोडा, अर्थाचाही गुंता आहे. पुरुषांच्या सिक्सेसमध्ये अंगावर धडक मारायला बंदी, पण समोरच्याच्या काठीवर काठी मारून चेंडू पाडणं चालतं, म्हणून डोक्यावर हेल्मेट असतं. मुलींच्या मोठ्या मैदानावरच्या खेळातही काठीला काठी लावता येते, डोक्यापासून लांब आणि बेतानं. लहान मुला-मुलींच्या प्रकारात दोन्ही नाही: अंगही नाही, काठीही नाही. म्हणजे एकाच नावाखाली तीन वेगळे नियम, आणि आंतरजालावरचा व्हिडिओ बघून आलेला सातवीतला मुलगा त्यातला नेमका चुकीचा उचलतो. मला विचाराल तर ‘बिनधक्का’ म्हणावं. मुलं एरवीही ‘धक्का नाही हं’ असंच बजावतात.

त्यातून विदर्भातली पोरं कबड्डीवर वाढलेली. समोरचा निसटतोय दिसलं की हात आपोआप घोट्याकडे जातो. (ऑलिम्पिकची गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही, 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवणारा चमू अमरावतीहूनच गेला होता.) त्यामुळे पहिले काही दिवस शिट्टी फार वाजवावी लागते. खरी भानगड जमिनीवर पडलेल्या चेंडूची. दोघं वाकून धावले, खांदे घासले, तर फाउल कुणाचा? जो आधी पोचला त्याला एक हात जागा सोडायची, एवढं आधीच ठरवलं की निम्मी भांडणं मिटतात. ‘धक्का नाही म्हणजे पोरींचा खेळ’ असंही ऐकू येतं. ते बोलणाऱ्यानं एकदा आत उतरून पाहावं. चेंडू हिसकावता येत नसेल तर पास मध्येच पकडायला पळावं लागतं, आणि ते पळणं आट्यापाट्यातल्या हुलकावणीइतकंच दमवतं.

लांबचा इतिहास थोडक्यात. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा हा खेळ, त्यांच्यासाठी देवाकरता आणि आजार बरे व्हावेत म्हणून खेळायचा. ‘ला क्रॉस’ हे नाव फ्रेंचांनी दिलं, 1867 च्या सुमारास माँट्रियलच्या एका दंतवैद्यानं नियम लिहून काढले, 1904 आणि 1908 च्या ऑलिम्पिकमध्ये पदकं दिली गेली, मग खेळ बाजूला पडला. ज्यांचा खेळ त्या मूळ रहिवाशांपैकी होडेनोशोनी लोकांच्या संघाला 2010 मध्ये स्वतःच्या पासपोर्टवर ब्रिटननं येऊ दिलं नाही. 2022 च्या वर्ल्ड गेम्समधून, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेतून, त्यांना आधी वगळलं होतं. आयर्लंडच्या संघानं आपली जागा सोडली म्हणून ते खेळले. ऑलिम्पिकमध्ये संघ देशाचा लागतो, त्यामुळे 2028 लाही ही गाठ आडवी येतेच. पोरांना ‘ऑलिम्पिक’ सांगायचं तर हेही सांगायला हवं.

काठी पाहिली की गावातल्या म्हाताऱ्यांना आंबे उतरवायचा झेला आठवतो. बांबू, टोकाला कडी, कडीला जाळी. त्यावरून घरचा झेला करून खेळावं असं सुचणं साहजिक आहे, पण तारेची कडी आणि फुटका बांबू डोळ्यांशी नाचवणं काही बरं नाही. प्लास्टिकच्या काठ्या थोड्याच असल्या तरी चालतं: चार-चारचे संघ, गोलरक्षक नको, बाकीचे रांगेत. संघ लहान असला की प्रत्येकाच्या जाळीत चेंडू वारंवार येतो, आणि पळता पळता तो पाळण्यासारखा झुलवत ठेवायची सवय लवकर लागते.

काळ मात्र निवडून घ्यावा लागतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात आणि लगेच पाऊस लागतो. काळ्या मातीच्या मैदानात चेंडू रुतून बसतो, चपलेला किलोभर चिखल येतो. मार्चनंतर तीच माती भेगाळते आणि चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसतो. मधले दिवाळीनंतरचे तीन-साडेतीन महिने उरतात, आणि त्यातच कापूस वेचणीला गेलेली निम्मी पोरं मैदानावर नसतात.