ए-टी (अ‍ॅटॅक्सिया-टेलँजिएक्टेसिया) तपासणी: पालकांसाठी माहितीपत्रक

ए-टी हा लहान मेंदू आणि प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार आहे. यात मूल बहुधा वेळेवर चालायला लागते, पण तोल कधीच नीट बसत नाही. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान चाल सुधारल्यासारखीही वाटते, कारण वाढत्या वयाबरोबर मूल नवे शिकत असते आणि मेंदूतली झीज त्याखाली झाकली जाते. म्हणूनच अनेक मुलांच्या फायलीवर आधी ‘सेरेब्रल पाल्सी’ (मेंदूला झालेल्या इजेमुळे येणारा, पण वाढत न जाणारा हालचालींचा दोष) लिहिलेले असते. पुढे डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर लाल शिरा दिसू लागतात आणि डोळे आले समजून थेंब घातले जातात. या शिरांबरोबर खाज नसते, चिपडे येत नाहीत, आणि थेंबांनी त्या जातही नाहीत. तोल वर्षागणिक बिघडत असेल तर जुने निदान पुन्हा तपासायलाच हवे.

आजाराचे मूळ ११व्या गुणसूत्रावरच्या एटीएम जनुकात आहे. हे जनुक १९९५ साली ओळखले गेले. त्यापासून बनणारे प्रथिन ३,०५६ अमिनो आम्लांचे असते आणि पेशीत जोडीजोडीने, निष्क्रिय अवस्थेत राहते. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की या प्रथिनावर १९८१व्या स्थानी फॉस्फेट (एक छोटा रासायनिक गट) चढतो, जोडी सुटते आणि एटीएम कामाला लागते. मग ते पी-५३, सीएचके-२, एच-२-एएक्स अशा शेकडो प्रथिनांवर फॉस्फेट चढवत जाते. त्यामुळे पेशीचे विभाजन थांबते आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. एटीएम नसेल तर तूट झाल्याचा निरोपच पुढे जात नाही. लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी हळूहळू नष्ट होतात, प्रतिकारशक्ती अपुरी राहते, आणि रक्ताच्या व लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

तपासणीचा क्रम

पहिली तपासणी स्वस्त आहे: रक्तातील एएफपी (अल्फा-फिटोप्रोटीन हे प्रथिन) याची पातळी. ए-टी असलेल्या बहुतेक सर्व मुलांत ती वाढलेली असते. मात्र निरोगी तान्ह्या बाळातही ती जास्तच असते, म्हणून दोन वर्षांच्या आतल्या अहवालावरून निष्कर्ष काढू नये. अहवालावर ‘ट्यूमर मार्कर’ (कर्करोगाचा सूचक) असे छापलेले असते. ते वाचून घाबरू नका. याच वेळी आयजीए, आयजीजी या प्रतिपिंडांचीही पातळी पाहून घ्यावी.

त्यानंतर जनुकाची तपासणी. मुलाचे २ ते ३ मिली आणि आई-वडिलांचे प्रत्येकी ३ मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यावे. उपाशी राहण्याची गरज नाही. नळी लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करावी, नाहीतर रक्ताच्या गाठी होतात. नमुना गोठवू नये. मुलाला अलीकडे रक्त चढवले असेल तर आधी कळवा. आई-वडिलांचे नमुने सोबतच हवेत, कारण मुलात दोन बदल सापडले तरी ते जनुकाच्या दोन वेगवेगळ्या प्रतींवर (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) आहेत की एकाच, हे त्यांच्याशिवाय ठरत नाही.

एक्झोम तपासणीत (जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग वाचणारी चाचणी) काही गोष्टी निसटतात: जनुकाचा मोठा तुकडा गळणे आणि इंट्रॉनच्या (जनुकातल्या प्रथिन न बनवणाऱ्या भागाच्या) आत खोलवर झालेले बदल. म्हणून एकच बदल सापडला आणि लक्षणे जुळत असली, तर ‘ए-टी नाही’ असे समजू नका. तेव्हा एमएलपीए (गळलेले तुकडे शोधणारी चाचणी) आणि आरएनए (जनुकावरून बनणारी नक्कल) तपासणी करावी लागते. बदलाचा अर्थ अनिश्चित असेल तर जनुकाची अक्षरे वाचून भागत नाही, प्रथिनाचे काम पाहावे लागते: जिवंत पांढऱ्या पेशींवर किरणांचा मारा करून फॉस्फेट चढतो का ते तपासतात. हे रक्त हिरव्या झाकणाच्या सोडियम हेपॅरिन नळीत, खोलीच्या तापमानाला, त्याच दिवशी रवाना करावे. फ्रिजमध्ये ठेवू नये आणि शनिवारी घेऊ नये. रविवार मध्ये आला की पेशी मरतात.

अहवाल येण्याआधीच पाळायचे

सीटी स्कॅन आणि एक्स-रे अगदी गरजेपुरतेच. एमआरआय व सोनोग्राफी चालते. सुरुवातीच्या वर्षांत एमआरआय अगदी सामान्य येऊ शकतो, त्यावरून ए-टी नाकारू नये. निदान न कळता नेहमीच्या मात्रेत दिलेली रेडिओथेरपी जीवघेणी ठरलेली आहे. ‘ए-टी संशयित, किरणे टाळा’ असे फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. बीसीजीसारखी जिवंत लस राहिली असेल तर प्रतिकारशक्ती तपासल्याशिवाय देऊ नका. पातळ पदार्थ गिळताना ठसका लागत असेल तर ती बाब किरकोळ समजू नका. अन्नकण फुप्फुसात जातात. गिळण्याची तपासणी करून घ्या.

घरातल्या इतरांसाठी

आई आणि वडील दोघेही वाहक (एकाच प्रतीवर बदल असलेले, स्वतःला ए-टी नसलेले) असतात आणि प्रत्येक गरोदरपणात ए-टीची शक्यता चारांत एक असते. मामेबहीण-आतेभाऊ लग्न असेल तर दोन्ही प्रतींवर बहुधा एकच बदल मिळतो. वाहक स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट ते तिप्पट असतो, म्हणून आई, मावशी, आत्या यांनी तपासणीचे वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मुलासाठीचा किरणांचा नियम त्यांना तसाच लागू नाही. केवळ वाहक आहोत म्हणून मॅमोग्राफी टाळू नये.

पुढच्या बाळाचा विचार असेल तर कुटुंबातले दोन्ही बदल गर्भ राहण्याआधीच निश्चित करून घ्या. वारेच्या पेशींची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत होते आणि तेवढ्या अवधीत नव्याने शोध घेणे जमत नाही. ही तपासणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच होते. बाळाचे लिंग सांगितले जात नाही.