जेलीफिश खरंच अमर असते का?

‘जेलीफिश कधीच मरत नाही’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याच्या मुळाशी तथ्य आहे, पण ते मुख्यतः ट्युरिटॉप्सिस डॉर्नी या जातीचं.

अंड्यातून अळी, अळी तळाला चिकटून पॉलिप (एका जागी रुजलेलं, देठासारखं रूप), पॉलिपला कळ्या फुटून छत्रीसारखी मेड्युसा (म्हणजे आपण ओळखतो ती पोहणारी जेलीफिश), हा तिचा नेहमीचा क्रम. उपासमार झाली, इजा झाली की ही मेड्युसा आक्रसते, तळाला चिकटते आणि पुन्हा पॉलिप होते. फुलाची परत कळी व्हावी तसं! मला हे दरवेळी नवलाचंच वाटतं.

तरी मासे तिला खातात, रोगानेही ती मरते.

मेसेजमधला फोटो नीट बघा. खरी ट्युरिटॉप्सिस जेमतेम साडेचार मिलिमीटरची, करंगळीच्या नखाहून लहान, पोटात लालसर ठिपका. फोटोत परातीएवढी जेलीफिश असेल, तर ती दुसरीच.