गॉलब्लॅडर काढलं, तरी पोट का दुखतं?

पित्ताचे खडे सोनोग्राफीत दिसले, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, गॉलब्लॅडर गेलं, टाके भरून आले आणि काही महिन्यांनी उजव्या बरगडीखाली तेच दुखणं परत सुरू झालं, असं ज्यांचं होतं त्यांची खरंच फार कुचंबणा होते. परत सोनोग्राफी केली तर नॉर्मल, रक्त नॉर्मल, एन्डोस्कोपी नॉर्मल, आणि मग घरचे पण हळूहळू म्हणायला लागतात की जास्त विचार करू नको, मनाचंच असेल. मला हे ऐकलं की चीड येते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्या तपासणीत जे दिसू शकतं ते सापडलं नाही, एवढंच. दुखणं खोटं आहे असं कुठलंच मशीन सांगत नाही.

आणि अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. नेदरलँड्समध्ये २४ हॉस्पिटलांनी मिळून खडे आणि पोटदुखी असलेल्या १०६७ पेशंटवर एक अभ्यास केला, तो २०१९ मध्ये छापून आला. एका गटाला नेहमीसारखं सर्जनच्या अंदाजाने ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्याला ठरावीक लक्षणं असतील तरच सांगितलं. वर्षभराने पहिल्या गटात ६० टक्के आणि दुसऱ्यात ५६ टक्के लोकांचं दुखणं पूर्ण थांबलेलं होतं. सगळ्यांचं ऑपरेशन झालं नव्हतं हे खरं, पहिल्या गटात साधारण तीन चतुर्थांश लोकांचं झालं, पण तरी बाकीच्या चाळीस टक्क्यांना काही ना काही दुखत राहिलं हा आकडा ऑपरेशनच्या आधी पेशंटला सांगायलाच हवा असं मला वाटतं.

यातलं एक कारण अगदी सरळ आहे: दुखणं मुळात गॉलब्लॅडरचं नव्हतंच. खडे खूप जणांना असतात आणि बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाहीत. त्यामुळे अॅसिडिटी किंवा आतड्यांच्या त्रासाने पोट दुखत असेल आणि सोनोग्राफीत योगायोगाने खडा दिसला तर दोष खड्यावर जातो. खऱ्या पित्तनळीच्या कळेची तऱ्हा वेगळी असते. ती वर पोटात मधोमध किंवा उजवीकडे येते, वाढत जाऊन एका जागी ठाण मांडते, अर्धा तास किंवा त्याहून जास्त टिकते, रोज येत नाही, आणि शौचाला जाऊन, कूस बदलून किंवा अॅसिडिटीची गोळी घेऊन फारशी हलत नाही. रोज दिवसभर फुगल्यासारखं वाटून ठसठसत असेल तर शोध दुसरीकडे घ्यावा लागतो.

कळ खरंच तशीच असेल तर मग पित्तनळीकडे, म्हणजे लिव्हरमधून आतड्यात पित्त नेणाऱ्या नळीकडे बघायचं. लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं, गॉलब्लॅडर ही त्यातलं थोडं साठवणारी छोटी टाकी होती, ती गेली तरी नळी तशीच आहे आणि नळीत खडा राहू शकतो किंवा नव्याने होऊ शकतो. नळीचं खालचं टोक गॅसच्या मागे लपतं म्हणून साध्या सोनोग्राफीत तो खडा निसटतो, एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय स्कॅन) किंवा दुर्बिणीतून आत केलेल्या सोनोग्राफीत दिसतो. नुसती नळी थोडी फुगलेली आहे असं रिपोर्टात आलं म्हणून मात्र घाबरू नका, ऑपरेशननंतर बऱ्याच जणांची तशी असते.

इथे एक गोष्ट फार कमी जणांना सांगितली जाते. लिव्हरच्या रक्ततपासण्या कळ थांबून आठवडा झाल्यावर केल्या तर त्या नॉर्मलच येणार! नळी थोडा वेळ तुंबली असेल तर एन्झाइम काही तासांत वर जातात आणि पुढच्या काही दिवसांत खाली येतात, म्हणून कळ येऊन गेली की त्याच दिवशी रक्त द्यायचं, त्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच लिहून घ्यायची. कळेसोबत थंडीताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

नळी आतड्यात उघडते तिथे स्नायूचं एक कडं असतं, ओडीचा स्फिंक्टर. रुजेरो ओडीने १८८७ मध्ये, अजून मेडिकलचा विद्यार्थी असताना, त्याचं वर्णन केलं. हे कडं आवळतं म्हणून दुखतं असं समजून कितीतरी वर्षं डॉक्टर ते दुर्बिणीतून कापत होते. मग अमेरिकेत रक्त आणि स्कॅन दोन्ही जवळपास नॉर्मल असलेले २१४ पेशंट घेऊन काहींचं कडं खरंच कापलं आणि काहींवर नुसती दुर्बीण घालून काहीच कापलं नाही. २०१४ मध्ये निकाल आला: कापलेल्यांत २३ टक्के लोकांना फरक पडला, न कापलेल्यांत ३७ टक्क्यांना. शिवाय या दुर्बिणीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, ती कधी कधी गंभीर होते. म्हणून सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना कोणी कडं कापू म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. अजून एक, कोडीन किंवा मॉर्फीनच्या जातीची पेनकिलर हे कडं आवळते, गोळीनंतर कळ वाढत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पोटाच्या भिंतीच्या दुखण्याचं, कारण ते तपासायला एक मिनिट पुरतं. बोट ठेवून दाखवता येईल इतक्या एकाच जागी दुखतं, बऱ्याचदा टाक्याच्या आसपास. पेशंटला पाठीवर झोपवून डॉक्टर त्या जागी दाबतात आणि त्याला डोकं आणि खांदे उचलायला सांगतात. पोट कडक झाल्यावर दुखणं कमी झालं तर ते आतलं असायची शक्यता जास्त, तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर स्नायूत अडकलेल्या नसेचं असू शकतं. कार्नेट नावाच्या सर्जनने ही युक्ती १९२६ मध्ये लिहून ठेवलीय, आणि तरी लोक स्कॅनमागून स्कॅन करत फिरतात. त्या जागी भूल देण्याच्या औषधाचं इंजेक्शन दिलं की बऱ्याच जणांना आराम पडतो आणि निदानही पक्कं होतं.

जेवल्यावर पळत शौचाला जावं लागत असेल, पातळ होत असेल तर पित्त थेट मोठ्या आतड्यात पोचून त्रास देत असू शकतं, त्यावर कोलेस्टायरामिनसारखं पित्त धरून ठेवणारं औषध आहे.

एवढं करूनही काही सापडत नाही असे लोक उरतातच. खूप दिवस कळा सोसल्या की पोटाच्या नसा आणि मेंदूतलं दुखण्याचं जाळं हळवं होऊन बसतं, मग साधं जेवण झालं, आतडं थोडं ताणलं तरी मेंदूपर्यंत ते दुखणं म्हणूनच पोचतं. अशा वेळी डॉक्टर अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी अगदी कमी डोसमध्ये देतात, डब्यावर डिप्रेशनचं औषध असं वाचून बरेच जण ती घेतच नाहीत. या डोसमध्ये ती नसांचा हळवेपणा कमी करायला दिलेली असते, आणि फरक पडायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत सोडून देऊ नका, जास्त झोप येण्याचा किंवा तोंड कोरडं पडण्याचा त्रास झाला तर डोस बदलून मागा.