तुपाचा पिवळेपणा आणि पोटाचा घेर

परवा सात रस्त्याजवळ एका ज्यूसच्या गाडीवर पाटी पाहिली : 'डाळिंब ज्यूस प्या, चरबी वितळवा'. डाळिंबाचं कौतुक सोलापूरकराला कुणी सांगायला नको, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. पण वितळवायला चरबी म्हणजे थंडीत गोठलेलं खोबरेल आहे का? शरीराच्या उष्णतेला ती पेशींमध्ये आधीच पातळ असते.

मग रंगांचा आणि चरबीचा काहीच संबंध नाही? आहे, आणि तो पाटीपेक्षा मजेदार आहे.

वाटीत डाळिंबाचा रस आणि चमचाभर तेल घालून ढवळा. थोड्या वेळाने तेल वर येतं, लाली खालीच राहते. हा अँथोसायनिनचा रंग, पाण्यात विरघळणारा. आता उखळात कुटलेली शेंगाचटणी आठवा. तिला सुटलेलं तेल लालभडक असतं, कारण मिरचीतली कॅरोटिनॉइडं तेलातच मुरतात. गाजर, पालक, मेथी, शेवग्याचा पाला यांतलं बीटा-कॅरोटीन याच घराण्यातलं. अँथोसायनिनचा जेमतेम काही भाग जसाच्या तसा रक्तात पोचतो, बाकीच्याची आतड्यातले जिवाणू मोडतोड करतात. कॅरोटीन मात्र थेट चरबीत मुक्कामाला जातं.

पुरावा घरातच आहे. खिलार गाय आणि पंढरपुरी म्हैस एकाच बांधावरचा हिरवा चारा खातात, तरी गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं. (गाईच्या तुपाचा पिवळेपणा सोन्यामुळे असतो म्हणणाऱ्यांनी इथं थोडं थांबावं.) म्हैस कॅरोटीन जवळजवळ सगळं कापून त्याचं रंगहीन 'अ' जीवनसत्त्व करते, गाईचं बरंचसं न कापता दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. माणूस या बाबतीत गाईच्या बाजूचा. म्हणूनच आपली चरबी पिवळसर असते.

ही कापाकापी मला फार आवडते. बीटा-कॅरोटीन म्हणजे ४० कार्बन अणूंची लांब साखळी. एक विकर (एन्झाइम) तिला बरोबर मधोमध कापतं आणि रेटिनलचे, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्याच एका रूपाचे, दोन तुकडे मिळतात. हे विकर चरबीच्या पेशींतही असतं. तिथं रेटिनलचं रेटिनॉइक आम्ल होतं, ते केंद्रकात शिरतं आणि जनुकांच्या कळा दाबतं. कच्च्या पेशीला 'आता चरबीपेशी हो' असा हुकूम देणारं पीपीएआर-गॅमा नावाचं प्रथिन त्यामुळे ढिलं पडतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीन खाणाऱ्या उंदरांची चरबी घटली. ज्या उंदरांत हे विकरच नव्हतं त्यांची घटली नाही. म्हणजे काम रंगाचं नव्हे, त्याच्या तुकड्यांचं.

पण इथेच गोची आहे. मधुमेहावरची पायोग्लिटाझोनची गोळी नेमकं उलटं करते : पीपीएआर-गॅमाला चेतवते, नव्या लहान चरबीपेशी वाढवते. वजन थोडं वाढतं, तरी साखर सुधारते! कारण नव्या पेशी आल्या नाहीत तर जादा तेल जुन्यांतच कोंबलं जातं. त्या फुगतात, त्यांना प्राणवायू पुरत नाही, काही मरतात. मग भक्षकपेशी त्यांच्याभोवती कडं करतात आणि दाह पेटतो. लठ्ठपणात शरीरातल्या पेशींना इन्शुलिनचं ऐकू येईनासं होतं, त्यात या दाहाचा मोठा वाटा असतो. त्यामुळे 'चरबीपेशी रोखणारं' म्हणजे 'चांगलंच' असं गणित जुळत नाही. शिवाय उंदरांचं यश माणसाच्या कंबरेवर अजून तसं उतरलेलं नाही.

लठ्ठ माणसांच्या रक्तात कॅरोटीन सरासरीने कमी आढळतं. आहाराचा त्यात भाग आहेच, पण वाढलेली चरबी ते शोषून बसते हेही एक कारण. म्हणून कॅरोटीनच्या गोळ्या घ्यायच्या? फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. हा निकाल १९९४ सालचा, तरी 'नॅचरल आहे, अपाय नाही' म्हणत डबे विकले जातातच.

त्या गाडीवाल्याने माझ्यासमोर ग्लासात दोन चमचे साखर घातली. मी घरी दाणे सोलून खाल्ले. आमच्या शेजारच्या काकू वजनाच्या धास्तीने गाजराची कोशिंबीर फोडणी न देता खातात. त्यांना म्हटलं, काकू, चमचाभर तेलाची फोडणी घाला. तेलाशिवाय तो केशरी रंग आतड्यातून आत शिरायचा कसा?