खोकल्याची छाननी (ट्रायाज)

टीबी, गोवर, कांजिण्या असले हवेतून पसरणारे रोग असल्याचा संशय आला की त्या पेशंटला केसपेपरच्या रांगेतच ओळखून बाजूला बसवायचं, याला ट्रायाज म्हणतात आणि हे काम बहुतेक ठिकाणी सिस्टरच करतात. शब्द फ्रेंच, अर्थ निवडणं. जखमींची अशी निवड करायच्या मूळ पद्धतीचं श्रेय नेपोलियनच्या लष्करातल्या लॅरे या सर्जनला देतात, पण हा शब्द दवाखान्यांत रुळला तो बहुधा पहिल्या महायुद्धात.

हवेतून म्हणजे नेमकं काय, यावर मात्र मोठा वाद झालाय. १९३४ मध्ये विल्यम वेल्स या अमेरिकन संशोधकाने मांडलं की मोठे थेंब खाली पडतात आणि बारीक थेंब पडायच्या आतच सुकून तरंगत राहतात, त्यांची सीमा साधारण १०० मायक्रॉनची होती (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पुढे पुस्तकांत या सीमेच्या जागी ५ मायक्रॉन आलं. तो आकडा खरं तर फुफ्फुसात खोलवर पोचणाऱ्या कणांचा, टीबीच्या अभ्यासातला, तो चुकून इथे चिकटला हे मत जास्त पटतं. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ही रेघ सोडून दिली. म्हणून थेंब जवळच पडतात, तीन फूट लांब बसलं की झालं, असं धरून चालू नये.

सोलापुरात विचारपूस भाषेपासून सुरू होते. मराठीत खोकला, पूर्व भागातल्या तेलुगू घरांत दग्गु, अक्कलकोटकडच्या कन्नड पेशंटला केम्मु, हे शब्द सिस्टरला यायलाच हवेत. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त, एवढं विचारायचं. यंत्रमागावर कापसाची धूळ आणि विड्या वळणाऱ्या बायकांना तंबाखूची, त्यामुळे खोकला 'धुळीचाच' म्हणून घरचे सोडून देतात, आपण सोडायचा नाही, थुंकी तपासायला पाठवायचीच.

पेशंटला साधा सर्जिकल मास्क, सिस्टरला एन-९५, उलटं नाही. एन-९५ नाकावर दाबून बसवायचा, कडेने हवा येते का ते बघायचं. निगेटिव्ह प्रेशरच्या खोलीत (जिथली हवा बाकी दवाखान्यात जात नाही) तासाला १२ वेळा हवा बदलते, पण ती खोली नसेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, उन्हाळ्यात गरम वारा येतो म्हणून त्या बंद होतात तिथेच घोळ होतो. पंखा असा लावायचा की वारा सिस्टरच्या पाठीकडून पेशंटकडे आणि तिथून खिडकीबाहेर जाईल.